सोलरनं बिल झिरो होतं का? कळंबच्या गिरणीवाल्या भावाला उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागंल. कळंब तालुक्यात तुमचं घर, घराला लागूनच पिठाची गिरणी आणि मिरची कांडप, मागं चार एकर रान आणि एक बोअर. घराचं लाईटबिल कधी दोन हजार कधी चार हजार, गॅसच्या टाकीचं आणि डिझेलचं पण तेच, कधी काय होईल भरवसा नाही. दर आठ दिवसाला कुणीतरी सोलरवाला येऊन "बिल झिरो" असा कागद दाखवून जायलाय, आणि तुम्ही विचारायलाव की ह्या वरखाली होणाऱ्या खर्चापासून सोलरनं माणूस खरंच वाचतो का, का आज दीड-दोन लाख घालून उद्या पस्तावायचं. जाता जाता आईचा पण प्रश्न लिहिलाव, गच्चीवर सोलर आलं तर वाळवण कुठं घालायचं म्हणून. तो मला सगळ्यात आवडला, त्याच्यावर शेवटी येतो.

मी लातूरचा. आधी मोटार रिवायंडिंग करायचो, मग वायरिंगची ठेकेदारी, आणि २०१३ पासून सोलर. म्हणजे माझं पोट त्याच्यावरच आहे, तेव्हा मी सांगतो ते थोडं चाळून घ्या. पण मी बसवलेल्या सोलरच्या पाट्यांखाली (पॅनेलखाली) राहणारी माणसं मला रोज बाजारात भेटतात, त्यामुळं खोटं बोलून मला परवडत नाही.

पहिली गोष्ट, "फुकट लाईट" हा शब्द डोक्यातून काढा. सोलर म्हणजे सुगीत ज्वारी भरून ठेवणं. वर्षाची ज्वारी एकदम घेऊन कणगीत भरली की मग पाऊस लांबला म्हणून व्यापाऱ्यानं भाव किती चढवला ह्याचं तुम्हाला काही पडलेलं नसतं. पैसे लागलेच की, उलट एकदम लागले, पण भाव बांधला गेला. तसंच हे, पुढच्या पंचवीस वर्षांच्या लाईटीतला एक हिस्सा तुम्ही आजच्या भावात घेऊन ठेवायलाव. सगळी लाईट नाही, एक हिस्सा. किती हिस्सा आणि कुठला, त्याच्यावरच सगळा खेळ आहे.

हिशोब बघा. आपल्याकडं एक किलोवॅट सोलर वर्षाच्या सरासरीनं रोज ४ युनिट देतं, उन्हाळ्यात जरा जास्त, श्रावणात झड लागली की दीड-दोन पण. तीन किलोवॅटचं बसवलं तर वर्षाला चार हजाराच्या वर युनिट झाले. पंचवीस वर्षांत पॅनेल थोडं थोडं उतरतं, धूळ बसते, लाईट नसते, एखादा फॉल्ट होतो, सगळं कापून ९० ते ९५ हजार युनिट धरायला हरकत नाही. खर्च, बऱ्यापैकी माल आणि नीट स्ट्रक्चर, म्हणजे पाट्या धरणारा लोखंडी सांगाडा, घेतलं तर मी लिहायलोय त्या घडीला १ लाख ८० ते २ लाख १० हजार, त्यातून पीएम सूर्यघर योजनेची सबसिडी ७८ हजार जाते. राहिले सव्वा लाख. मधे एकदा इन्व्हर्टर (पाट्यांची लाईट घरच्या लाईटीत बदलणारी पेटी) बदलावा लागंल, थोडी डागडुजी, म्हणून अजून चाळीस-पन्नास हजार धरा. भागाकार केला की युनिट दोन रुपयाच्या आत-बाहेर पडतं, कर्ज काढलं तर व्याजासकट अडीच म्हणा. हा भाव २०४५ ला पण तोच, कारण उन्हाला खाण लागत नाही, बोट लागत नाही आणि डॉलर पण लागत नाही.

आता बाहेरचा भाव कामून हलतो. तुमचं बिल पालथं करून बघा, वीज आकार, वहन आकार, स्थिर आकार, वीज शुल्क आणि त्यातच एक ओळ असती "इंधन समायोजन आकार" म्हणून. वीज कंपनीनं दर ठरवताना कोळशाचा आणि बाहेरून घ्यायच्या विजेचा जो खर्च धरलेला असतो, त्याच्यापेक्षा जास्त लागला की तो फरक ह्या ओळीतून आपल्याकडनं घेतला जातो. युनिट तेवढेच आणि रक्कम जास्त, त्याचं एक कारण हे. दुसरं म्हणजे रीडिंग तीस दिवसाचं हाय का पस्तीस दिवसाचं ते पण बघत जा, लई जण बघत नाहीत.

२०२२ चं आठवतंय का? फेब्रुवारीत रशिया-युक्रेनचं सुरू झालं, परदेशी कोळसा भडकला, इकडं उन्हाळा लवकर तापला, मार्चमधे पॉवर एक्स्चेंजवर, म्हणजे विजेच्या घाऊक बाजारात, विजेचा भाव युनिटला २० रुपयाला टेकला आणि एप्रिलमधे केंद्रीय वीज आयोगाला १२ रुपयाची मर्यादा घालावी लागली. त्याची झळ आपल्या बिलात आली जुलैपासून. १०० युनिटच्या आतल्याला युनिटमागं ६५ पैसे आणि ५०० च्या वरच्याला २ रुपये ३५ पैसे. युद्ध कुठं, आणि बिल कळंबला. डिझेलचं पण तसंच, ऑक्टोबर २०१४ ला सरकारनं त्याचा भाव मोकळा केला आणि जून २०१७ ला तो रोज बदलायची पद्धत आली.

आणि कोळशाबरोबर पाणी पण लागतं हे मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. परळीचं थर्मल वीजकेंद्र २०१३ ला पाणी नाही म्हणून बंद पडलं होतं, २०१५ ला परत तेच. कोळसा होता, मशीन होती, खडका बंधाऱ्यात पाणी नव्हतं. पुढच्याच वर्षी आमच्या लातूरला मिरजहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा आमच्या गल्लीत माणसं प्यायचं पाणी मापानं वाटून घेत होती. पॅनेलला महिन्यातून चार-पाच बादल्या पुसायला लागतात, तेवढंच. मला तरी आपल्या भागात सोलर पटायचं पहिलं कारण बिल नव्हतंच, हे होतं.

बरं, आता तुमच्या घराचं. तुम्ही सांगितलं महिन्याला ३०० युनिटच्या आसपास जातात. इथं सोलरवाला जे सांगत नाही ते सांगतो. घरगुती दर स्लॅबनं असतो, पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० त्याच्या जवळपास दुप्पट, पुढं अजून वर. सोलर जे युनिट वाचवतं ते वरून वाचवतं, म्हणजे आधी महाग युनिट जातात आणि शेवटी स्वस्त. म्हणून पहिला किलोवॅट सगळ्यात जास्त कमावतो, दुसरा त्याच्याहून जरा कमी, आणि तिसरा निम्मा पण कमावत नाही.

तुमचं ३०० युनिटचं बिल शुल्क वगैरे धरून साडेतीन हजाराच्या घरात जातंय. दोन किलोवॅट बसवलं की २४० युनिट निघतात, राहिले ६०, ते सगळे स्वस्त स्लॅबमधले, बिल पाच-सहाशेवर येतं. तिसरा किलोवॅट टाकला की ते ६० पण जातील आणि अजून ६० कंपनीच्या लाईनला जातील. जमा झालेले युनिट पुढच्या महिन्यात वापरता येतात हे खरं, पण हिशोब ३१ मार्चला मिटतो, उरलेल्याचे जे मिळतात ते किरकोळ दरानं. आणि आपलं बघा कसंय, नोव्हेंबर ते फेब्रुवारी थंडी, पंखा बंद, कूलर बंद, ऊन मात्र कडक, तेव्हा युनिट साचतात, आणि नेमका एप्रिलला कूलर चालू व्हायच्या आधी पाटी कोरी. म्हणून दोन किलोवॅटची सबसिडी ६० हजार आणि तीनची ७८ हजार हे बघून तिसऱ्यावर उडी मारू नका. हां, पोराला एसी बसवायचाय किंवा इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायचीय तर तीन घ्या, तो मग पेट्रोलपासून बचाव होतो, तीनेक युनिटात गाडी शहरातल्या शहरात ऐंशी किलोमीटर फिरती, त्यापुढं पेट्रोलचा हिशोब तुम्हीच करा.

"बिल झिरो" का नाही? कारण स्थिर आकार राहतोच. कनेक्शन हाय तर तो हाय, युनिट शून्य झाले तरी. तो पुढं वाढला तर सोलर त्याला अडवू शकत नाही. बंगल्यात एकटा राहणारा रिटायर माणूस, महिन्याला ७०-८० युनिट, त्यानं मला विचारलं तर मी सांगतो काका राहू द्या, आधी जुना फ्रीज बदला.

आता सगळ्यात मोठी फसगत, आणि ह्याच्यावर मी जरा लांबण लावणार हाय कारण ह्याच्यावरनं माझ्या अंगावर माणसं आलेली हायत. साधं ऑनग्रीड सोलर, म्हणजे बॅटरीशिवाय कंपनीच्या लाईनला जोडलेलं, हे लाईट गेली की बंद पडतं. ऊन कितीही असू द्या. लाईनवर कंपनीचा माणूस चढलेला असतो, तुमच्या छतावरची वीज उलटी जाऊन त्याला बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो, आणि ते तसंच पाहिजे. पण गिऱ्हाईकाला वाटतं आपल्याकडं सोलर हाय, आता लाईट गेली तरी काही फरक नाही. सुरुवातीच्या काळात हायवेवरच्या एका धाब्यावर मी ५ किलोवॅट बसवलं, पैसे घेतले, पेढे खाल्ले, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली. मालकाचा फोन, "अहो तुमचं सोलर फुसकं निघालं." मी आधी सांगितलं नव्हतं, माझीच चूक. वर त्या फीडरला, म्हणजे त्या भागाच्या लाईनला, दुपारी दोन-तीन तास लाईट जायचीच, म्हणजे सगळ्यात जास्त निर्मितीच्या वेळेला ते पडून, कागदावर वीस युनिट आणि प्रत्यक्षात तेरा-चौदा.

म्हणून बसवायच्या आधी पंधरा दिवस एक वही ठेवा, सकाळी नऊ ते चार ह्या वेळात लाईट किती वेळा आणि किती वेळ गेली. दिवसाला अर्धा तास असंल तर ऑनग्रीडच घ्या आणि घरातला जुना ट्यूबलर बॅटरीचा इन्व्हर्टर पंखे-लाईटीला राहू द्या. दोन-तीन तास जात असंल तर हायब्रीड बघावा लागंल, त्यात लिथियम बॅटरी येती आणि खर्च लाखाच्या पुढं उडी मारतो, मग तो दोन रुपयाचा भाव राहत नाही, सहा-सात पर्यंत जातो. घराला मी सहसा नको म्हणतो. दवाखाना, औषधाचा फ्रीज, दूध संकलन केंद्र असंल तर हो म्हणतो, तिथं तुलना लाईटीशी नाही, जनरेटरशी हाय. लहान जनरेटर एका लिटर डिझेलला तीन-साडेतीन युनिट देतो, म्हणजे नुसत्या डिझेलचं युनिट पंचवीस रुपयाच्या वर. त्याच्यापुढं बॅटरी स्वस्तच.

गिरणीकडं येतो. गिरणीचं मीटर वेगळं, दर औद्योगिक, आणि सबसिडी नाही, ती फक्त घराला. म्हणजे इकडं पैसे पूर्ण लागणार आणि वाचणारं युनिट मात्र तुमच्या घराच्या वरच्या स्लॅबपेक्षा स्वस्त. घराचे पैसे तीन-चार वर्षात निघाले तर गिरणीला सहा-सात धरा. म्हणून क्रम असा ठेवा की आधी घर, त्याची एक वर्षाची बिलं बघा, मग गिरणी. दहा एचपीची मोटर सलग चालत नाही, गिऱ्हाईक सकाळी डबा ठेवून जातं आणि संध्याकाळी घेऊन जातं. हे तुमच्या सोयीचं हाय, कारण डबे साचवून दळण अकरा ते तीनमधे काढलं तर ऊन सरळ जात्यात जातं. मिरची कांडपाचा हंगाम फेब्रुवारी ते मे, तेव्हा निर्मिती पण चांगली, हे जुळून आलंय. तरी एक ध्यानात ठेवा, मोटर सुरू होताना करंट चार-पाच पट ओढती, तो झटका लाईनच देती, सोलर नाही. गिरणीला लाईन तोडून नुसत्या सोलरवर चालवून देतो म्हणणारा आला तर त्याला चहा पाजून वाटंला लावा.

लातूर-उदगीरकडं डाळमिलवाले लई सोलर बसवायलेत, आणि त्यांना ते जमतं पण, कारण मिल दिवसा चालती आणि पत्र्याचं छत एवढं मोठं असतं की जागेची अडचण नाही. तिथं एक वेगळीच भानगड होती जी छोट्या माणसाला माहीत असलेली बरी. मोठ्या जोडणीचं बिल केव्हीएएचवर असतं, म्हणजे नुसत्या कामी आलेल्या विजेवर नाही तर लाईनवरनं ओढलेल्या एकूण विजेवर, म्हणून पॉवर फॅक्टर (एकूणातली कामी आलेली किती ते) बिघडला की बिल चढतं. सोलर आल्यावर लाईनवरनं येणारी खरी वीज कमी होती, पण मोटरींना चुंबक तयार करायला लागणारी रिॲक्टिव्ह वीज तेवढीच लाईनवरनं येत राहती, मग कागदावर पॉवर फॅक्टर आपटतो. एका मिलमालकाला पहिल्या महिन्यात अपेक्षेच्या निम्मीच बचत दिसली, आमच्या पोरांनी सगळ्या पाट्या तपासल्या, वायरी तपासल्या, काही नाही. शेवटी पॉवर फॅक्टर सांभाळणाऱ्या कॅपॅसिटर पॅनेलचा सीटी, म्हणजे करंट मोजणारं कडं, चुकीच्या जागी निघाला, सोलरचा हिशोब न धरता नुसता मिलचा भार मोजत होता. तो हलवला, कॅपॅसिटर वाढवले, पुढच्या महिन्यात बिल जागेवर. तिथं डिमांड चार्ज, म्हणजे एका वेळी सगळ्यात जास्त ओढलेल्या भाराचा आकार, पण कमी होत नाही, कारण एक दिवस ढग आले आणि मिल चालू असली की मागणी तेवढीच. शिवाय मोठ्या ग्राहकाला वेळेनुसार दर असतो, दिवसा सवलत आणि संध्याकाळी जादा, म्हणून दुपारी वाचवलेलं युनिट हे तुमचं सगळ्यात महाग युनिट नसतं. सोलरवाला जर सरासरी दर धरून परतफेड काढत असंल तर त्याला ती वेळेची पट्टी दाखवून परत हिशोब मागा.

जालन्याच्या लोखंडाच्या भट्ट्यांचं तर गणितच वेगळं, रात्रंदिवस वितळवायचं, छतावरच्या सोलरनं कोपरा पण भरत नाही. असे कारखाने लांबच्या सोलर-पवनचक्कीच्या प्रकल्पाकडनं ओपन ॲक्सेसनं, म्हणजे तारा वीज कंपनीच्या पण लाईट दुसऱ्याची, लाईट घेतात, वर्षानुवर्षांचा करार करून. तत्त्व तेच, भाव बांधून घ्यायचा. घरी छोटी पवनचक्की लावू का असं विचारतात कुणी कुणी. नका लावू. वाशी-पाटोद्याकडं डोंगरावर ज्या दिसतात त्या उंचीवरच्या वाऱ्याच्या जिवावर आहेत, आपल्या गच्चीवर तो वारा नाही.

शेताचं सांगतो. तुमचा पंप साडेसात एचपीच्या आतला, म्हणजे एप्रिल २०२४ पासून मोफत वीज योजनेत तुमचं बिल सरकार भरायलंय, ती योजना मार्च २०२९ पर्यंत जाहीर हाय. तेव्हा सोलर पंपानं बिल वाचंल असं कुणी म्हणलं तर ते बरोबर नाही, नसलेलं बिल काय वाचणार. वाचती ती रात्रीची चक्कर. रात्री दहाच्या लाईटीला बॅटरी घेऊन रानात जायचं, पाय कुठं पडतोय ते दिसत नाही, साप-विंचू, ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. आणि लाईट नसली की भाड्यानं डिझेल इंजिन आणायचो ते वाचतं. "मागेल त्याला सौर कृषी पंप" मधे सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के हिस्सा आणि अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के, अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५ एचपी. तुम्ही चार एकरवाले, म्हणजे पाच. पण तुमचं बोअर किती फूट हाय ते लिहिलंच नाही. आपल्याकडं पाचशे-सहाशे फुटावरनं ओढायची पाळी येती, आणि पंप जेवढा खोल तेवढं पाणी कमी, ढग आले की अजून कमी. विहीर असंल तर डोळे झाकून घ्या, खोल बोअर असंल तर आधी हेड (पाणी किती उंच चढवायचं ते) आणि पाण्याची पातळी मोजून मग अर्ज करा, आणि ही योजना मुळात पंपाला लाईट कनेक्शन नसलेल्यांसाठी हाय, तेव्हा तुम्हाला ती बसती का ते आधी विचारा, जुनं कनेक्शन ठेवून दोन्ही चालवायचं असं जमत नाही.

ह्याच्यातच एक मोठी गोष्ट दडलीय जी लोकांना दिसत नाही. शेतीच्या लाईनी सोलरवर चालवायची जी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी २.० योजना, तिच्यातला पहिला प्रकल्प आपल्याच भागात, वैजापूर तालुक्यात ढोंदलगावला २०२४ ला सुरू झाला, ३ मेगावॅटचा. असल्या प्रकल्पातली लाईट युनिटला तीन रुपयाच्या आसपास, पंचवीस वर्षांच्या कराराने. शेतीला स्वस्त लाईट देताना जो खड्डा पडतो तो आजवर कारखान्याच्या आणि दुकानाच्या बिलातनं भरला जातोय. शेतीचा फीडरच सोलरवर गेला तर तो खड्डा लहान होतो. म्हणजे ज्याच्या छतावर एक पण पाटी नाही त्याच्या बिलावर पण ह्याचा परिणाम हाय. किती आणि कधी, ते मी सांगणार नाही, दर ठरवणारे लोक वेगळे.

गॅसचं विचारलंव. तुमच्याकडं दोन म्हशी आणि एक गाय, म्हणजे दिवसाला चाळीसेक किलो शेण धरू. एक किलो शेणाला साधारण ०.०४ घनमीटर गॅस, म्हणजे दीड घनमीटर, टाकीच्या हिशोबात अर्धा-पाऊण किलो रोज. महिन्याला एक टाकी आरामात वाचती आणि स्लरी शेताला. गोबरगॅस हा शब्द जुना झाला म्हणून लोक नाक मुरडतात, पण मला विचाराल तर पैशाला पैसा ह्यात सोलरपेक्षा कमी नाही. अडचण एकच, शेणाएवढंच पाणी रोज लागतं, चाळीस लिटर, आणि एप्रिल-मेत टँकर चालू झाला की पहिलं काय बंद होतं तर हेच. भांड्याचं-धुण्याचं साबणाचं पाणी त्यात घालू नका, आतले जंतू मरतात. म्हशीचा गोठा धुतलेलं पाणी चालतं.

बसवायचं ठरलं तर काही बारक्या गोष्टी. सबसिडीला भारतीय सेलचं पॅनेलच लागतं, त्याला डीसीआर म्हणतात, कोटेशनवर ते लिहून घ्या. सावली हा सगळ्यात मोठा चोर. माझ्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातलं एक काम, मे महिन्यात जागा बघितली, ऊन डोक्यावर, सगळी गच्ची लख्ख. डिसेंबरला सूर्य दक्षिणेला कलला आणि पाण्याच्या टाकीची सावली दुपारी तीननंतर दोन पाट्यांवर, आणि तेव्हाच्या साध्या जोडणीत दोन पाट्या दबल्या की अख्खी माळ दबायची. टाकी मी माझ्या पैशानं हलवून दिली. तेव्हापासून मी मे महिन्यात सुद्धा डिसेंबरची सावली खडूनं आखून दाखवतो.

ऊन जास्त म्हणजे लाईट जास्त असं पण नसतं. पॅनेलची ताकद २५ अंशावर मोजलेली असती, मे महिन्यात पत्रा भाजतो तेव्हा पॅनेलचं तापमान साठ-पासष्टला जातं आणि दहा-पंधरा टक्के उत्पादन तिथंच गळतं. म्हणून खालून वारा खेळला पाहिजे, पत्र्याला चिकटवून बसवू नका. दुसरं वावधान. अवकाळीच्या आधी जो वारा सुटतो त्यानं पत्रे उडतात तर पाटी म्हणजे पतंगच, स्ट्रक्चरचा पाईप किती जाडीचा आणि पाय स्लॅबमधे कसे धरलेत ते उभं राहून बघा. २०१४ ची गारपीट आपण कुणीच विसरलो नाही, पॅनेलची काच अडीच सेंटिमीटरच्या गारेची टेस्ट पास झालेली असती, लिंबाएवढी पडली तर देव जाणे, वर्षाला थोडे पैसे भरून विमा काढा. वानरांचा उपद्रव असंल तर तो वेगळा, त्याला माझ्याकडं औषध नाही.

अर्थिंगकडं कुणी बघत नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळती आणि अर्थिंग सुकतं, नेमकी त्याच वेळी विजा पडायला लागतात. अर्थिंगचे वेगळे तीन खड्डे, एक पाट्यांचा, एक इन्व्हर्टरचा, एक वीजरोधकाचा, आणि मोजून रीडिंग लिहून द्यायला सांगा. बोअरच्या खारट पाण्यानं पाट्या धुवू नका, पांढरे डाग बसतात ते निघत नाहीत, पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं चांगलं पाणी घ्या, आरओचं वाया जाणारं नको, पहाटे, थंड असताना, मऊ वायपरनं. गिरणीच्या पिठाची धूळ आणि मिरचीचा भुकटा उडून पाट्यांवर बसणार हे तुमचं विशेष दुखणं, दव पडलं की त्याची खळ होती. पंधरा दिवसाला पुसावंच लागंल.

कर्जाचं म्हणाल तर सूर्यघरला सरकारी बँका बिनतारण कर्ज देतात, व्याज सहा-सात टक्क्याच्या आसपास, घरकर्जापेक्षा पण कमी. सावकाराचं किंवा सोन्यावरचं महाग कर्ज काढून सोलर घेऊ नका, तिथं बचत व्याजात जाती. सबसिडी नंतर तुमच्या खात्यात येती, म्हणून ठेकेदाराला "सबसिडी वजा करून द्या" म्हणून कच्च्या कागदावर व्यवहार करू नका. नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि दिलेली लाईट वेगवेगळी मोजणारं मीटर, लागल्याशिवाय सिस्टीम चालू करू नका, जुनं मीटर उलटी गेलेली लाईट पण वापर म्हणूनच मोजतं आणि वाचायच्या ऐवजी बिल वाढून येतं.

आता आईचं वाळवण. गच्ची तीस बाय पस्तीस म्हणालाव. दोन किलोवॅटला दोनशे चौरस फूट लागंल. पाट्यांचं तोंड दक्षिणेला, कल पंधरा ते अठरा अंश, आणि सावली उत्तरेला पडती, म्हणून स्ट्रक्चर गच्चीच्या उत्तर कडेला घ्या. दक्षिणेकडची निम्मी गच्ची दिवसभर उन्हात मोकळी राहती, तिथं कुरडया, पापड, सांडगे, डाळी, जे काय ते. स्ट्रक्चर सात-आठ फूट उंच करायला सांगा, सात-आठ हजार जास्त लागतील पण खाली सावलीत मिरच्यांची देठं काढत बसता येतं आणि उन्हाळ्यात रात्री बाजा टाकता येतात. फक्त आईला सांगा, पाटीच्या कडेला साडी वाळत घालायची नाही. आमच्या घरी माझ्याच आईनं घातली होती, आणि मी दोन दिवस इन्व्हर्टर तपासत बसलो होतो.